दवाखाना सहाव्या क्रमांकावर

किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी इंटर्न होते. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, माणसे दमून गाढ झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. तीन-चार दिवसांनी आमच्या कॉलेजातून जी तुकडी निघाली, तिच्यात माझा नंबर लागला. गाडीत बसताना डोक्यात एक पक्के चित्र होते: तंबू, जखमींची रांग आणि टाके घालणारी मी. सर्जरीची पोस्टिंग नुकतीच संपली होती. टाके मला बऱ्यापैकी जमायचे आणि त्याचा अभिमानही होता.

पोहोचलो तेव्हा गंभीर जखमींना केव्हाच मोठ्या रुग्णालयांत हलवले होते. आमच्या वाट्याला आली एका शाळेची खोली, आणि ती औषधांच्या खोक्यांनी जवळपास छतापर्यंत भरलेली. लोकांनी ठिकठिकाणांहून मोठ्या मनाने पाठवलेली औषधे. पहिले दोन दिवस आम्ही सहा जणांनी ती नुसती निवडली. मुदत संपलेली टॉनिके, अर्धवट वापरलेली खोकल्याची सिरप, डॉक्टरांकडे येणारी नमुन्याची पाकिटे, कुणाच्या तरी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची उरलेली पट्टी. आम्हाला हवे असलेले बँडेज आणि जीवनरक्षक क्षारांची पाकिटे सापडली ती सगळ्यात खाली.

आमच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रातले एक आरोग्य सेवक होते. पन्नाशीचे असतील. सगळे त्यांना मामा म्हणत. ते खोलीत थांबतच नसत. खांद्याला टीसीएल पावडरची पिशवी, खिशात ओटी टेस्टची बाटली, आणि दिवसभर टँकर, विहिरी, हापसे. एकदा मी चिडून म्हणाले, "मामा, इथे ड्रेसिंगला माणूस नाही आणि तुम्ही हिंडताय कुठे?" ते शांतपणे म्हणाले, "म्याडम, टाके तुम्ही घाला. पण पाण्याचं बघितलं नाही तर आठ दिवसानं टाके घालायला तुम्हाला सवडच मिळायची नाही."

आमच्या भागात जुलाबाची साथ आली नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. जे झालेच नाही, त्याची नोंद कोण ठेवतो? घरी परतल्यावर मी आईला माझ्या टाक्यांच्या गोष्टी सांगितल्या. मामांचे नावही विचारून ठेवले नव्हते, याची चुटपुट पुढे बरीच वर्षे राहिली.

मामा काय करत होते ते मला नीट कळले एका पुस्तकातून. 'रेफ्युजी हेल्थ' नावाचे हे पुस्तक १९९७ साली 'मेदसां सां फ्राँतिए' या संस्थेने काढले. आपल्याकडे ही संस्था 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' किंवा नुसते 'एमएसएफ' म्हणून ओळखली जाते. युद्धातून, दुष्काळातून पळून आलेल्या लोकांची छावणी उभी राहिली की आरोग्यासाठी कोणती दहा कामे करायची, त्याची यादी त्यात आहे. पहिले काम पाहणी: माणसे किती, मुले किती, मृत्यू किती. दुसरे गोवराची लस. तिसरे पाणी आणि संडास. चौथे अन्न. पाचवे निवारा. दवाखाना येतो सहाव्या क्रमांकावर. त्यानंतर साथींचे नियंत्रण, रोजच्या नोंदी, माणसांची भरती आणि प्रशिक्षण, आणि शेवटी इतर संस्थांशी ताळमेळ. ही सगळी कामे अर्थातच एकाच वेळी हाती घ्यायची असतात. तरीही डॉक्टरांनी काढलेल्या संस्थेने डॉक्टरांसाठी लिहिलेल्या यादीत दवाखाना सहावा असावा, हे वाचून मी थबकले होते.

एमएसएफ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बॉम्बवर्षावात शस्त्रक्रिया करणारा सर्जन येतो. तेही खरेच आहे. पण संकटाच्या ठिकाणी सर्वाधिक माणसे गोळीने मरत नाहीत. ती मरतात जुलाब, गोवर, न्यूमोनिया, मलेरिया आणि उपासमारीने. म्हणजे ज्या आजारांवर उपचार करण्यात वैद्यकशास्त्राला काही मोठे आव्हान राहिलेले नाही, त्यांनीच. या संस्थेने गेल्या ५० वर्षांत खरे जे काही शोधून काढले, ते या साध्या आजारांसाठी आहे, आणि त्यातला बराच भाग डॉक्टरांच्या हातून होणारा नाहीच.

हे ज्ञान फार महाग पडले आहे. सगळ्यात महाग पडले ते १९९४ च्या जुलैमध्ये, गोमा इथे.

गोमा हे तेव्हाच्या झाईरमधले, म्हणजे आजच्या काँगोमधले, रवांडाच्या सीमेवरचे गाव. शेजारीच किवू सरोवर आणि मागे जागृत ज्वालामुखी. त्या वर्षी एप्रिल ते जुलै या काळात रवांडात तुत्सी समाजाचा वंशसंहार झाला होता. तो घडवणारे हुतू सरकार युद्ध हरले, आणि जुलैच्या मध्याला अवघ्या चार-पाच दिवसांत पाच ते आठ लाख हुतू माणसे सीमा ओलांडून गोमाच्या परिसरात आली. आपल्याकडच्या एखाद्या महानगरपालिकेची सगळी वस्ती एका आठवड्यात माळरानावर येऊन बसावी, तशी. तिथली जमीन थंड झालेल्या लाव्हाची. ती खणता येत नाही. त्यामुळे संडासाचे खड्डे घेता येईनात आणि थडग्यांचेही. लोक सरोवराचे पाणी पीत होते आणि त्याच्याच काठी शौचाला बसत होते. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेले पाणी माणशी दिवसाला सरासरी ०.२ लिटर मिळत होते. म्हणजे एक पेला. त्यातच २० जुलैला कॉलरा निश्चित झाला आणि त्याच्या मागोमाग नेहमीच्या औषधांना न जुमानणारी रक्ताची आव आली. पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसे मेली.

हा आकडा किती मोठा आहे, ते कळायला थोडा हिशेब करावा लागेल. महाराष्ट्रात वर्षाला दर हजारी साधारण पाच ते सहा मृत्यू होतात. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात आठवड्याला एखादा मृत्यू. छावण्यांच्या आरोग्यात एक ठरलेली रेषा आहे: दहा हजार लोकांत रोज एक मृत्यू होऊ लागला की त्याला आणीबाणी म्हणायचे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ती रेषा दोनाची. गोमात पहिल्या महिन्यात दहा हजारांमागे दिवसाला वीस ते पस्तीस माणसे मरत होती.

आणि कॉलरा हा खरे तर किती सोपा आजार आहे! रोगी तासाभरात खोल गेलेल्या डोळ्यांनी, थंड हातपायांनी, नाडी लागत नाही अशा अवस्थेत येतो. शिरेतून भराभर सलाईन सोडले, एखाद्याला आठ-दहा लिटर लागते, की तीन तासांत तोच माणूस उठून बसतो आणि पाणी मागतो. मी स्वतः हे पाहिले आहे. डॉक्टरला इतक्या झटपट देवपण देणारा दुसरा आजार नाही. नीट उपचार मिळाले तर शंभरातला एकही दगावू नये, हे प्रमाण आज सर्वमान्य आहे. गोमात जगभरच्या संस्था आल्या होत्या, डॉक्टर होते, पुढे पुढे सलाईनही होते. पण बहुतेक माणसे दवाखान्यात मेली नाहीत. ती रस्त्याच्या कडेला, झोपडीत, पाण्याच्या रांगेत मेली. ज्यांना मिळायला हवे होते दिवसाला पंधरा लिटर स्वच्छ पाणी, त्यांच्यासाठी आपण उत्तम दवाखाना काढून बसलो, असे तिथून परतलेल्या अनेकांना वाटले. छावणीत माणशी किती पाणी, किती संडास, किती जागा याचे किमान निकष ठरवणारा 'स्फिअर' प्रकल्प १९९७ मध्ये सुरू झाला, त्यामागे रवांडाच्या मदतकार्याचे कठोर मूल्यमापन होते.

गोमाच्या तेवीस वर्षे आधी एक वेगळीच गोष्ट घडली होती, आणि ती आपल्याकडची आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावला छावणीतल्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रोगी जमिनीवर पडलेले, सलाईन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे करून घेतली, पिंपांत ते पाणी कालवले, पिंपांना तोट्या लावल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. तोंडावाटे असे पाणी देण्याचे प्रयोग ढाका आणि कोलकात्याच्या संशोधन केंद्रांत झालेले होते. पण रुग्णालयाच्या शिस्तीबाहेर, अडाणी आईच्या हातून ते चालेल यावर कुणाचा भरवसा नव्हता. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चाराच्या खाली आले. आज मेडिकलवर दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या ओआरएसच्या पाकिटाची पत तिथे सिद्ध झाली. महालनबीस २०२२ साली गेले; पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी मरणोत्तर मिळाला. उशीर करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

त्याच वर्षी, १९७१ च्या डिसेंबरमध्ये, पॅरिसमध्ये काही डॉक्टर आणि पत्रकारांनी मिळून एमएसएफची स्थापना केली. त्यातले काही जण नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात आणि दुष्काळात काम करून आलेले होते. सरकारची परवानगी आणि मौनाची अट या दोन्हींना ते कंटाळले होते. सुरुवात मात्र फारशी दिमाखदार नव्हती. १९७२ मध्ये निकाराग्वाच्या भूकंपात ही मंडळी पोहोचली ती उशिरा आणि अपुऱ्या तयारीने. उत्साह भरपूर, खोकी विस्कळीत. आमच्या किल्लारीच्या खोलीसारखेच.

त्यांना वळण लावले ते एका फार्मासिस्टने, हे मला फार आवडते. जाक पिनेल हे त्यांचे नाव. १९८० च्या सुमारास थायलंड-कंबोडिया सीमेवरच्या छावण्यांत काम करताना त्यांनी औषधांचा गोंधळ पाहिला: प्रत्येक डॉक्टर आपापल्या देशातल्या सवयीचे औषध मागणार, आणि कुणालाच काय शिल्लक आहे ते माहीत नसणार. त्यांनी मोजकी औषधे ठरवली, उपचाराच्या पद्धती ठरवल्या आणि त्यानुसार पेट्या भरून ठेवायला सुरुवात केली. यालाच 'किट' म्हणतात. दहा हजार माणसांना तीन महिने पुरेल अशा पेट्यांचा संच पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० मध्ये स्वीकारला. कॉलऱ्याच्या किटमध्ये सलाईन, ओआरएस, क्लोरिन, नळ्या, सुया तर असतातच, पण बादल्या असतात, नोंदींचे कागद असतात. खाटेला मध्ये भोक, त्याखाली बादली, आणि बादलीत किती गेले ते पाहून किती द्यायचे ते ठरवायचे. क्लोरिनचे पाणी वेगवेगळ्या तीव्रतेचे: हात धुवायला सौम्य, फरशीला त्याहून कडक, मृतदेहासाठी सर्वांत कडक. हे सगळे बांधून, जकातीची कागदपत्रे तयार ठेवून, फ्रान्समध्ये बोर्डोजवळ आणि ब्रुसेल्सला गोदामांत उभे असते. दूरध्वनी आला की विमानात चढवायचे, एवढेच.

या पेट्यांच्या जोडीला असतात शीतपेट्या, लशींच्या. यादीत गोवराची लस दुसऱ्या क्रमांकावर का, हा प्रश्न मला माझे विद्यार्थी हटकून विचारतात. आपल्या घरात गोवर म्हणजे 'देवी आल्या', कडुलिंबाचा पाला आणि आठवडाभर शाळा बुडणे. पण कुपोषित, दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांत तो वणव्यासारखा पसरतो आणि त्यामागून न्यूमोनिया, जुलाब, अंधत्व येते. म्हणून छावणी उभी राहताच सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना, आधी घेतली असो वा नसो, लस टोचायची आणि 'अ' जीवनसत्त्व पाजायचे. या मोहिमांतल्या कुप्यांवर अनेकदा आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे नाव असते. जगात गोवराच्या लशीचा सर्वांत मोठा उत्पादक हीच संस्था आहे.

लशीच्या अभावी काय होते ते २०१७ मध्ये बांगलादेशात कॉक्स बाजारला दिसले. म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या आले होते आणि नोव्हेंबरात एमएसएफच्या दवाखान्यात सुजलेल्या मानेची, श्वासाला धडपडणारी मुले येऊ लागली. युरोपातल्या तरुण डॉक्टरांनी हा आजार पुस्तकाबाहेर पाहिलाच नव्हता. घटसर्प. आमच्या पिढीच्या सरकारी डॉक्टरने तो खोलीच्या दारातून ओळखला असता. यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक साधन सांगते, कारण ते तुमच्या गावच्या अंगणवाडीतही आहे. मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची रंगीत पट्टी. घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल: तीव्र कुपोषण, जिवाला धोका. ११५ ते १२५ पिवळा, पुढे हिरवा. वजनकाटा नको, वय माहीत असण्याची गरज नाही, लिहिता-वाचता न येणारी आईसुद्धा पट्टी लावू शकते. पूर्वी तीव्र कुपोषित मुलाला आठवडेच्या आठवडे दाखल करून दर दोन-तीन तासांनी औषधी दूध पाजावे लागे. आईला घरची इतर मुले सोडून राहणे शक्य नसायचे. ती निघून जायची आणि आम्ही केसपेपरवर 'पळून गेली' असा शेरा मारायचो. मीही मारला आहे. शेंगदाणा, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि क्षार-जीवनसत्त्वे यांची पाकिटातली पेस्ट आली आणि हे बदलले. तिच्यात पाणी मिसळावे लागत नाही, त्यामुळे दूषित पाण्याचा प्रश्न मिटतो. २००५ मध्ये नायजर देशात एमएसएफने साठ हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, त्यातली बहुतेक घरीच राहून बरी झाली. आपल्याकडे अशी तयार पेस्ट द्यावी की घरचा, गावचा ताजा आहार, यावर बराच वाद झाला आहे. माझे मत विचाराल तर मेळघाट म्हणजे नायजर नव्हे. जिथे डाळ, अंडी, शेंगदाणे गावात पोहोचवता येतात, तिथे पाकिटाला पहिला मान देऊ नये. पण दंड लाल पट्टीत असलेल्या मुलासमोर वाद घालत बसू नये, हेही तितकेच खरे.

गोमाची गोष्ट मी अर्धीच सांगितली. कॉलरा आटोक्यात आला, पाणी आले, संडास झाले, मृत्यूदर खाली आला. आणि मग लक्षात आले की छावण्या कोण चालवतेय. वंशसंहार घडवणारे सैनिक आणि पुढारीच तिथे राज्य करत होते. धान्याचे वाटप त्यांच्या हातून होई, ते आपली माणसे पोसत, परत जाऊ पाहणाऱ्यांना धमकावत आणि मारत. म्हणजे डॉक्टरांनी जगवलेल्या छावणीच्या आडोशाने पुढच्या युद्धाची तयारी चालली होती. नोव्हेंबर १९९४ मध्ये एमएसएफची फ्रेंच शाखा तिथून बाहेर पडली. इतर काही शाखा राहिल्या आणि पुढच्या वर्षी निघाल्या. एकाच संस्थेत, एकाच पुराव्यावर, दोन निर्णय.

हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे. आम्ही सरकारी रुग्णालयात पोलिसांनी बेड्या घालून आणलेल्या आरोपीलाही तपासतो, आणि त्याने जिला मारहाण केली तिलाही, कधी कधी एकाच रात्री, दोन खाटांवर. त्यात कधी संभ्रम वाटला नाही. पण आरोपीला दिलेली सलाईन त्याच्या टोळीचे दुकान चालवत नाही. छावणीतले धान्य चालवत होते. तरीही त्या छावणीत लाखो साधी माणसे, बायका आणि मुले होती. मी असते तर बहुधा राहिले असते. ते बरोबर ठरले असते, असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मौन न पाळण्याची किंमतही ही संस्था देत आली आहे. पैशांच्या बाबतीत तिचा हट्ट याच कारणाने आहे. उत्पन्नातला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग सामान्य देणगीदारांकडून येतो. निर्वासितांना रोखण्याच्या धोरणाचा निषेध म्हणून २०१६ मध्ये तिने युरोपीय संघ आणि त्यातल्या देशांचा निधी नाकारला. आणि ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातल्या कुंडूझ इथले तिचे रुग्णालय अमेरिकी हवाई हल्ल्यात जळाले. इमारतीचे अक्षांश-रेखांश आधी सर्व बाजूंना कळवलेले असताना. ४२ माणसे मेली, त्यात २४ रोगी आणि १४ कर्मचारी होते. अतिदक्षता विभागातले रोगी खाटेवरच जळाले. पुढच्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेने रुग्णालयांच्या संरक्षणाचा ठराव केला. त्यानंतरही सुदान, युक्रेन, गाझा इथे रुग्णालयांवर हल्ले झाले. या ठिकाणी जे मरतात, त्यांत परदेशी क्वचित असतात. एमएसएफच्या दहांपैकी आठांहून अधिक कर्मचारी त्या-त्या देशातलेच. तिथल्याच परिचारिका, तिथलेच ड्रायव्हर, तिथलेच मामा. त्यांना परतीचे तिकीट नसते.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असे कुणी विचारले तर मी मुंबईचे नाव घेते. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला या मुंबईच्या कंपनीने एचआयव्हीची तिहेरी औषधे एमएसएफला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर त्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे होती. त्या एका आकड्याने आफ्रिकेतल्या रोग्यांना औषध 'परवडणार नाही' म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्याच मुंबईत गोवंडीला हीच संस्था २००६ पासून एचआयव्ही आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रोग्यांवर उपचार करत आली. युद्ध नाही, छावणी नाही, तरी काम तेच.

वाचकांपैकी अनेक जण पूर आला, दरड कोसळली की मदत गोळा करतात. त्यांना एक विनंती. घरातली उरलेली औषधे पाठवू नका. पैसे द्या, किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून त्यांनी सांगितले तेवढेच पाठवा. आणि जुलाब सुरू झाले, पाकीट हाताशी नाही, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. जास्त मीठ नको. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी फेकून पुन्हा करा. घोट घोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. बाळ अंगावर पीत असेल तर ते थांबवू नका. रोगी गळून गेला, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडू लागले तर मात्र घरी बसू नका.

मागच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात रात्री जुलाबाचे सहा रोगी आले. माझ्या रेसिडेंटने सगळ्यांना उत्तम सांभाळले. एका आजीबाईंना शीर सापडत नव्हती, तिने ती मानेतून मिळवली, आणि सकाळी राउंडला तेच तिने मला आधी सांगितले. मी म्हटले, फार छान, आता पत्ते वाच. तिला वाटले मी ऐकलेच नाही. केसपेपर काढून तिने वाचायला सुरुवात केली. सहांपैकी चार जण एकाच गल्लीतले निघाले. इन्चार्ज सिस्टरांनी लगेच आरोग्य खात्याला फोन लावला. दुपारी निरोप आला: जलवाहिनी गटाराशेजारी फुटली आहे, दुरुस्तीला दोन दिवस लागतील, तोवर टँकर.